मांजर घरात, कुत्रं उंबऱ्याशी

दिवाळीच्या सुट्टीत मुलीची मुलगी आठ दिवस जळकोटला राहायला आली होती. सात वर्षांची आहे. एका संध्याकाळी ती ओसरीत माझ्या मोबाईलवर कार्टून बघत बसली होती. एक मांजर आणि एक कुत्रा, दोघं बेघर, दोघं जिवलग. गावभर घर शोधत हिंडतात. एका दारात मांजराला घेतात आणि कुत्र्याला हाकलतात, दुसऱ्या दारात उलटं. दोघांची अट एकच, राहायचं तर सोबत. तिनं मध्येच मान वर केली. "नाना, ये दोनों अपने घर कू आए तो?"

मी काही बोलायच्या आत बाजेवर तसबीह फिरवत बसलेल्या माझ्या आईनं निकाल देऊन टाकला. "बिल्ली अंदर आती, कुत्ता दार पे बैठता. उसमें पूछना क्या?"

नातीला तो निकाल पटला नाही. "दोनों दोस्त हैं ना, बडी अम्मा," असं म्हणून ती पुन्हा पडद्यात डोकं घालून बसली. मला मात्र तो प्रश्न पुढं कित्येक दिवस सोडेना. मांजर घरात आणि कुत्रं उंबऱ्याशी ही वाटणी आपल्या घरांमध्ये इतकी मुरलेली आहे, की ती कुणी केली आणि कशावरून केली हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, "मजहब में है." मजहबमध्ये नेमकं काय आहे आणि माणसांनी आपापल्या गल्ल्यांत प्रत्यक्ष काय केलं, हे दोन्ही उलगडून पाहावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी त्या कार्टूनबद्दल थोडंसं. कार्टूनमधल्या प्राण्यांना घराची चिंता अगदी पहिल्यापासून आहे. टॉम आणि जेरीचा पहिला लघुपट १९४० सालचा. त्यात या जोडीची ही नावंही अजून ठरलेली नव्हती. गोष्ट अशी, की घर सांभाळणारी बाई मांजराला दम देते, आणखी एक वस्तू फुटली तर तू घराबाहेर. उंदराला हे कळतं आणि तो मुद्दाम भांडी फोडायला निघतो. ज्या धावपळीवर आपण लहानपणापासून हसत आलो, तिच्या मुळाशी घर सुटण्याची धास्ती आहे. ते काढणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांच्या या जोडीला पुढं सात ऑस्कर मिळाले. तरी १९५७ मध्ये एमजीएम कंपनीनं कार्टूनचा विभागच बंद केला आणि दोघं बेकार झाले. मग स्वतःची कंपनी काढून त्यांनी टीव्हीसाठी जी पहिली मालिका केली, तिच्यात एक मांजर होतं आणि एक कुत्रा. नावं रफ आणि रेडी. त्याच वर्षी डिसेंबरात ती सुरू झाली. हाताशी पैसा इतका थोडा, की पात्रांचं तोंड आणि पाय तेवढे हलत, बाकीचं चित्र जागच्या जागी. नातीच्या मोबाईलमधली जोडी त्यांचीच नातवंडं म्हणायची.

आता आपल्या ओसरीत परत येऊ.

मांजराचं काम सोपं आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस संग्रहांत एक घरगुती प्रसंग आहे. हजरत अबू कतादा (रजि.) सुनेकडे आले होते. सून कब्शा यांनी त्यांच्यासाठी वजूचं पाणी काढून ठेवलं. तेवढ्यात एक मांजर आलं. अबू कतादांनी भांडं तिरकं करून त्याला पाणी पिऊ दिलं आणि मग त्याच पाण्यानं वजू करायला लागले. सून पाहतच राहिली. तेव्हा त्यांनी सांगितलं, की मांजर नापाक नाही, ते तुमच्यात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे, असं पैगंबरांनी (स.) म्हटलेलं आहे. मला यातलं कारण फार आवडतं. मांजर गोड आहे किंवा स्वच्छ आहे, असा युक्तिवाद इथं नाही. घरात जे येत-जात राहतं ते घरचंच, एवढाच हिशेब. आणि ज्या बाईनं मांजराला बांधून ठेवलं, ना खाऊ घातलं ना मोकळं सोडलं, तिच्या वाट्याला काय आलं ते बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची तर ओळखच मांजरावरून झाली.

कुत्र्याचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि ते सोपं करून सांगण्यात अर्थ नाही. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं सात वेळा धुवावं, ही हदीस आहे. ज्या घरात कुत्रा किंवा चित्र असेल तिथं फरिश्ते येत नाहीत, हीही आहे. (इथं क्षणभर थांबलो. नात ओसरीत बसून कुत्र्याचं चित्रच पाहत होती आणि दोन्हींची बेरीज आम्ही कुणीच केली नव्हती.) एके काळी मदिनेत कुत्री मारण्याचा हुकूम झाला आणि पुढं तो थांबवला गेला, हेही ग्रंथांत आहे.

पण त्याच ग्रंथांत आणखी बरंच काही आहे, जे आपल्याकडच्या बयानांत क्वचित ऐकू येतं. पैगंबरांच्या (स.) काळात कुत्री मशिदीत ये-जा करत आणि त्यासाठी कुणी पाणी शिंपडत नसे, असं हजरत इब्ने उमर (रजि.) यांचं कथन बुखारीत आहे. तहानेनं जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला आपल्या पायताणानं विहिरीतलं पाणी काढून पाजणाऱ्या एका बदनाम बाईला माफी मिळाली, हेही तिथंच आहे. शिकारीचा, गुरांचा आणि शेत राखणारा कुत्रा पाळायला परवानगी आहे. आणि कुरआनात सूरह कहफमध्ये जुलमी राजवटीपासून पळून गुहेत आसरा घेतलेल्या तरुणांसोबत एक कुत्रा आहे. तो गुहेच्या उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला आहे. ते तरुण किती होते याबद्दल लोक अंदाज करत राहतात, तीन आणि चौथा कुत्रा, पाच आणि सहावा कुत्रा, सात आणि आठवा कुत्रा. माणसांची संख्या दर वेळी बदलते, कुत्रा मात्र दर वेळी मोजला जातो. आपल्याकडं अस्हाब-ए-कहफच्या नावांचा तावीज लिहितात, त्यात कितमीर हे त्याचंही नाव असतं.

फिकहच्या इमामांनी यातून एकच निष्कर्ष काढला नाही. कोकणातले आपले भाऊ शाफई. त्यांच्या मते कुत्रा अख्खाच नापाक, तो ओला अंगाला लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीनं. आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. आपल्याकडं त्याची लाळ नापाक, पण कोरडं अंग कपड्याला घासलं म्हणून कपडा नापाक होत नाही. मालिकी इमामांनी तर लाळही नापाक मानली नाही, भांडं धुण्याचा हुकूम त्यांनी निव्वळ आज्ञापालन म्हणून घेतला. म्हणजे रत्नागिरीतला कुत्रा, जळकोटचा कुत्रा आणि मोरोक्कोतला कुत्रा यांचा शरई दर्जा सारखा नाही. कुत्र्याला याची खबर नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

आलिमांच्या पलीकडं साहित्यिकही होते. बसऱ्याच्या जाहिजनं नवव्या शतकात प्राण्यांवर जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात कुत्र्याचा वकील आणि कोंबड्याचा वकील यांचा वाद पानंच्या पानं चालतो. बगदादच्या इब्न अल-मर्जुबाननं पुढच्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटं पुस्तकच केलं. त्याच्या नावाचा अर्थ असा, की कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्री बरी.

तरी खरा इतिहास ग्रंथांपेक्षा शहरांच्या गल्ल्यांत आहे. कैरोत तेराव्या शतकात सुलतान बैबर्सनं आपल्या मशिदीजवळची एक बाग मांजरांच्या पोटापाण्यासाठी वक्फ केली. काळाच्या ओघात बाग विकली गेली, हातोहात फिरली. पण एकोणिसाव्या शतकात एडवर्ड लेन हा इंग्रज कैरोत राहिला, तेव्हा रोज अस्रच्या सुमारास काजीच्या कचेरीच्या अंगणात मांजरांसाठी खाणं येत असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे. सहाशे वर्षांनंतर. आपल्याकडच्या वक्फ जमिनींचं काय झालं हे ठाऊक असलेल्या वाचकाला यावर वेगळं काही सांगायला नको.

इस्तंबूलमध्ये कुत्री घरात नसत, पण ती बेघरही नसत. मोहल्ल्याची कुत्री ही मोहल्ल्याची. लोक भाकरीचे तुकडे टाकत, पाणी ठेवत, कुत्री रात्री अनोळखी माणसावर भुंकत. १९०८ नंतर सत्तेवर आलेल्या तरुण तुर्कांना शहर पॅरिससारखं करायचं होतं आणि त्या चित्रात ही कुत्री बसत नव्हती. १९१० मध्ये हजारो कुत्री पकडून मारमाराच्या समुद्रातल्या एका निर्जन, पाणी नसलेल्या खडकाळ बेटावर सोडून दिली. ती भुकेनं आणि तहानेनं मेली. ठीक शंभर वर्षांनी सर्ज अवेदिकियान या फ्रेंच-आर्मेनियन दिग्दर्शकानं या घटनेवर ॲनिमेशनपट केला आणि २०१० मध्ये कान महोत्सवात त्याला लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेही कार्टूनच, पण नातीला दाखवण्यासारखं नाही.

आपल्या महाराष्ट्रातला प्रसंग त्याहूनही जुना आहे आणि तो मला जास्त बोलका वाटतो.

मुंबईत कंपनी सरकारचा नियम होता, की उन्हाच्या दिवसांत बेवारस कुत्री मारायची. कारण पिसाळण्याची भीती, आणि ती खोटी नव्हती. मारलेल्या कुत्र्यामागं आठ आणे मिळत. १८३२ साली ही मुदत जूनपर्यंत वाढवली. आठ आणे ही त्या काळी लहान रक्कम नव्हती, म्हणून पकडणारे दारांतून, ओट्यांवरून कुत्री ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे, मयताच्या विधीत कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. ६ जूनला कोटात लोकांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या पलटणीला जाणारं खाणं-पिणं अडवलं. हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही बंदात उतरले. शेवटी सैन्य आलं आणि धरपकड झाली. मुंबईतल्या सुरुवातीच्या दंगलींपैकी ही एक, आणि ती कुत्र्यांवरून झाली.

मध्यस्थीला जमशेटजी जीजीभाई पुढं आले. कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर हलवायची, असं ठरलं. मग १८३४ मध्ये जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी मुंबईत पांजरापोळ काढला. आज भुलेश्वरच्या त्या पांजरापोळात गाई दिसतात, पण त्याची सुरुवात झाली ती रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी. जाता जाता सांगतो, जमशेटजींच्या व्यापारातल्या भागीदारांमध्ये जैन मोतीचंद अमीचंद होते तसेच कोकणी मुसलमान मोहम्मद अली रोगेही होते. एका पेढीवर तिघं बसत.

या प्रसंगाकडं लोक श्रद्धा विरुद्ध सरकार असं पाहतात. मला त्यात दुसरंच दिसतं. सरकारच्या कायद्यात कुत्री दोनच प्रकारची होती, मालकाची आणि बेवारस. ओट्यावर बसणारं, चार घरांतलं खाणारं, कुणाच्याही मालकीचं नसलेलं पण सगळ्या गल्लीच्या ओळखीचं कुत्रं त्या कायद्यात कुठंच बसत नव्हतं. इस्तंबूलमध्येही हेच झालं. घर आणि रस्ता यांच्या मधली जी जागा होती, तीच नव्या शहरांनी पुसून टाकली. "कुत्ता दार पे बैठता" हे आईचं वाक्य मी आधी हाकलून देणं म्हणून ऐकलं होतं. आता वाटतं, ती त्याची जागा सांगत होती.

तिला तसं सांगायचा अधिकारही आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये ती आठ वर्षांची होती. माहेर उदगीरजवळच्या एका खेड्यात. उदगीर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. आधी रझाकारांनी काय केलं आणि पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत गावोगावच्या साध्यासुध्या मुसलमानांच्या वाट्याला काय आलं, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे आणि फारसं कुणी बोलत नाही. पंडित सुंदरलाल समितीनं सगळ्यात जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. तो अहवाल लोकांसमोर यायला साठांहून अधिक वर्षं लागली. आईचं कुटुंब रात्रीतून निघालं आणि महिनाभर शेजारच्या गावात एका लिंगायत घराच्या माळवदावर राहिलं. कडब्यात लपून, दिवसा खाली न उतरता.

परत आले तेव्हा दाराची एक फळी नव्हती. ज्वारीची कणगी रिकामी, भांडी गेलेली. मांजरानं दुसरं घर धरलं होतं. ओट्यावर कुत्रं बसलेलं होतं. कधीही आत न घेतलेलं, गल्लीचं कुत्रं.

हे तिनं मला आयुष्यात दोनदाच सांगितलं आहे. दुसऱ्यांदा आत्ता, नातीच्या त्या कार्टूनवरून. मी जरा भारावून म्हणालो, तुमचीच वाट पाहत असेल. ती म्हणाली, "उसको कहाँ जाना था?" मग मी विचारलं, त्या दिवशी तरी त्याला आत घेतलं का? तिनं माझ्याकडं असं पाहिलं की बासष्टाव्या वर्षीही मला कसंतरी झालं. "अंदर कैसा लेते?" थोड्या वेळानं तिनं आपणहून सांगितलं, की त्या थंडीत तिच्या अब्बांनी ओट्यावर एक पोतं टाकलं होतं. घरात अंथरायला धड काही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

आता ओटेही राहिले नाहीत. जळकोटमध्येसुद्धा नवी घरं फाटकवाली आहेत, पुढं सिमेंटचा रस्ता, फाटक बंद. दारात बसायला दारच नाही. मग कुत्री चौकात, मटणाच्या दुकानापाशी, बसस्टँडवर टोळीनं राहतात आणि चावतात. आमच्याच गल्लीतल्या एका पोराच्या पिंडरीचा लचका तोडला, त्याच्या आईनं इंजेक्शनांच्या प्रत्येक तारखेला मजुरी बुडवली. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही. ज्याचं मूल शाळेत चालत जातं त्याला भूतदया शिकवायला मी जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयालाही २०२५ मध्ये हा प्रश्न सहज सुटला नाही. ११ ऑगस्टला आदेश झाला की दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री आसऱ्याच्या जागी नेऊन ठेवा. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठानं तो बदलला, की नसबंदी आणि लसीकरण करून जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली आणि अंगावर येणारी वगळून. नोव्हेंबरात पुन्हा, शाळा, दवाखाने, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री हलवा, आणि ती परत तिथं सोडू नका. १८३२ मध्येही मारण्यापासून हलवण्यापर्यंतच गाडी आली होती. हलवायचं कुठं, हा प्रश्न तेव्हाही पुढच्यांवर सोडला होता. फरक इतकाच, की तेव्हा दोन शेटजींनी पदरमोड करून जागा काढली.

नात आली होती तेव्हाच आमच्या गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागं एका कुत्रीनं चार पिलं घातली होती. त्या पोराला चावल्यानंतर नगरपंचायतीला कळवायचं गल्लीत ठरत होतं आणि इकडं नातीनं हट्ट धरला होता, की एक तरी आत घ्या. तीन दिवस रडारड. शेवटी वाट काढली ती आईनंच. "आखाड्यावर न्या. खेत राखने कू चलता."

नातीची पुढची मागणी होती की मग मांजरही आखाड्यावर न्या, दोघं दोस्त आहेत. मांजराला पिशवीत घालून एकदा नेलंही. ते तासाभरात तुरीतून दिसेनासं झालं आणि दुसऱ्या दिवशी मगरिबच्या वेळेला घरी चुलीपाशी हजर.

पिलू आता आखाड्यावर आहे. गडी रात्री भाकरी टाकतो, रानडुकरं आली की ते भुंकतं असं सांगतो, मला अजून खात्री नाही. बाकीची तीन गल्लीतच आहेत. आई सकाळी कुंड्यांना पाणी घातल्यावर उरलेलं फाटकाबाहेरच्या फुटक्या परातीत ओतते. नात दर रविवारी फोन करते आणि खुशाली विचारायच्या आधी एकच विचारते, दोघं भेटले का.